वर्णपटाची साक्ष : हीम-प्रथिनांतील लिगँडांच्या ओळखीची चिकित्सा

(१)

हीम-प्रथिनांवरील शोधनिबंधांत आणि पदव्युत्तर प्रबंधांत एक वाक्य वारंवार आढळते : 'वर्णपटावरून असे सिद्ध होते की, लोहाचा सहावा लिगँड हिस्टिडीन आहे.' हिस्टिडीनच्या जागी कधी मेथिओनीन असते, कधी सिस्टीन, कधी लायसीन. वाक्याची घडण मात्र बदलत नाही. या वाक्यातील 'सिद्ध होते' या शब्दांची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वर्णपट नेमके काय दाखवितो, काय केवळ सुचवितो आणि कशाविषयी तो मुकाच राहतो, हा भेद न सांभाळल्यामुळे या विषयात काही चुकीची नावे वर्षानुवर्षे ग्रंथांतून नांदली. उलट, तो काटेकोरपणे सांभाळल्यामुळे काही नावे स्फटिकरचना उपलब्ध होण्यापूर्वीच बिनचूक सांगता आली. दोन्ही प्रकारचा इतिहास आपल्यासमोर आहे. त्यावरून पुराव्याचा काही नियम बांधता येतो का, हे पाहावयाचे आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे इष्ट होईल. हीम म्हणजे पोर्फिरिनाचे चपटे वलय आणि त्याच्या मध्यभागी बसलेला लोहाचा अणू. वलयाचे चार नायट्रोजन लोहाला चारी बाजूंनी धरून असतात. वलयाच्या पातळीच्या वर आणि खाली अशा दोन जागा उरतात. या अक्षीय जागांवर इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन जो अणू वा गट लोहाशी बांधला जातो, तो अक्षीय लिगँड. मायोग्लोबिनात एका बाजूस हिस्टिडीन असून दुसरी बाजू ऑक्सिजनसाठी राखलेली असते. सायटोक्रोम-सी मध्ये एकीकडे हिस्टिडीन व दुसरीकडे मेथिओनीन असते. सायटोक्रोम पी-४५० मध्ये सिस्टीनचा गंधक लोहाला धरून असतो. मायोग्लोबिन आणि पी-४५० यांतील हीम एकच आहे. तथापि पहिले प्रथिन ऑक्सिजन नुसता धरून ठेवते, तर दुसरे त्याचे दोन अणू अलग करून त्यांपैकी एक सेंद्रिय रेणूत घालते. या कार्यभेदात अक्षीय लिगँडचा वाटा मोठा आहे. म्हणून लिगँडचे नाव ही केवळ तक्त्यात भरावयाची बाब नव्हे. ते चुकले की त्यावर उभारलेली कार्याची मीमांसाही चुकते.

(२)

वर्णपटाच्या साहाय्याने रक्ताचा अभ्यास करण्याची परंपरा जुनी आहे. होपे-झायलर यांनी १८६२ मध्ये रक्तातील रंगद्रव्याचे शोषणपट्टे वर्णिले. रक्ताच्या विद्रावात क्षपणकारक द्रव्य घातले असता दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पट्टा येतो आणि तो विद्राव हवेबरोबर हलविला असता दोन पट्टे परत दिसू लागतात, हे स्टोक्स यांनी १८६४ मध्ये दाखविले. केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांचे अस्तित्व प्रस्थापित केले तेही शोषणपट्ट्यांच्याच आधारे. पुढे १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरिएल यांनी चुंबकीय मापनाने दाखविले की, ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिनात प्रत्येक हीमामागे चार अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात व ऑक्सिजन बांधला गेला म्हणजे एकही उरत नाही.

या शोधांचे बळ कशात होते? त्या सर्वांत निरीक्षकाने एकाच पदार्थाच्या दोन अवस्थांतील फरक पाहिला आणि त्या फरकापुरतेच विधान केले. पट्टा अमुक ठिकाणी आहे, म्हणून लोहाशेजारी अमुक अणू आहे, असे अनुमान त्यांपैकी कोणत्याही शोधाचा पाया नव्हते. फरकावरून काढलेला निष्कर्ष आणि स्थानावरून काढलेला निष्कर्ष यांच्या बळात मोठे अंतर आहे. आपल्या विषयातील बहुतेक चुका या दोहोंची गल्लत झाल्याने घडल्या आहेत.

याचे कारण हीमाच्या रचनेतच आहे. दृश्य प्रकाशातील हीमाचे ठळक पट्टे, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा सोरे-पट्टा आणि ५०० ते ६०० नॅनोमीटरमधील आल्फा व बीटा पट्टे, हे मुख्यतः पोर्फिरीन वलयाच्या इलेक्ट्रॉनांचे आहेत. अक्षीय लिगँड त्यांत प्रत्यक्ष दिसत नाही. तो लोहाच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलतो, लोह वलयावर परिणाम करते आणि त्या परिणामाची छाया पट्ट्यांवर पडते. लिगँड प्रबळ असेल तर लोहाचे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात व लोह अल्प-परिवलन अवस्थेत, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत 'लो-स्पिन', येते. दुर्बल असेल तर ते उच्च-परिवलन अवस्थेत राहते. म्हणून 'या प्रथिनातील लोह अल्प-परिवलन अवस्थेत आहे' हे विधान वर्णपटावरून बऱ्याच खात्रीने करता येते. 'म्हणून सहावा लिगँड हिस्टिडीन आहे' हे त्यापुढचे विधान मात्र वर्णपटाचे नव्हे, ते संशोधकाचे आहे. मेथिओनीन, लायसीन, सिस्टीनचा थायोलेट, बाहेरून आलेला सायनाइड असे अनेक उमेदवार लोहाला त्याच अवस्थेत आणू शकतात.

(३)

सायटोक्रोम-सी चा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. थिओरेल व ऑकेसन यांनी १९४१ मध्ये अनुमापन, चुंबकीय मापन आणि वर्णपट या तिन्ही साधनांनी अत्यंत परिश्रमपूर्वक केलेल्या अभ्यासातून असा निष्कर्ष काढला की, लोहाचे दोन्ही अक्षीय लिगँड हिस्टिडीनचे इमिडॅझोल गट आहेत. मापनांत दोष नव्हता. परंतु लोहाशेजारी कोण असू शकेल याची जी यादी त्या काळी विचारात होती, तीत मेथिओनीनच्या थायोईथर गटाला गंभीरपणे स्थान नव्हते. यादीतील उरलेल्या उमेदवारांत हिस्टिडीन सर्वांत योग्य ठरला, आणि 'सर्वांत योग्य' याचे रूपांतर नकळत 'सिद्ध' यात झाले. निष्कर्ष अर्धा बरोबर होता. एक हिस्टिडीन, क्रमांक १८ चा, खरोखरच तेथे आहे. दुसऱ्या बाजूस मात्र क्रमांक ८० चे मेथिओनीन आहे.

हे ज्या मार्गाने उलगडत गेले तो मार्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑक्सिडीकृत सायटोक्रोम-सी च्या वर्णपटात ६९५ नॅनोमीटरजवळ एक क्षीण पट्टा असतो. सोरे-पट्ट्याच्या तुलनेत तो सुमारे शंभरपटींनी दुबळा आहे. शेय्टर व जॉर्ज यांनी १९६४ मध्ये या पट्ट्याचा प्रथिनाच्या घडीशी असलेला संबंध तपासला. घडी विस्कटली की पट्टा जातो. १९६५ मध्ये हार्बरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोक्रोम-सी पासून तोडून काढलेल्या हीम-पेप्टाइडला मेथिओनीन बांधले जाते हे दाखवून त्या संयुगाच्या वर्णपटाची तुलना मूळ प्रथिनाशी केली. उमेदवारांच्या यादीत नवे नाव आले ते या प्रतिरूप संयुगामुळे. १९६९ मध्ये मॅकडोनल्ड, फिलिप्स आणि विनोग्रॅडोव्ह यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने क्षपणित सायटोक्रोम-सी मध्ये मेथिओनीनच्या मेथिल गटाची रेषा नेहमीच्या जागेपासून कितीतरी दूर, शून्याच्या पलीकडे सरकलेली दाखविली. वलयाच्या अगदी वर बसलेल्या मेथिल गटालाच असे स्थान मिळू शकते. डिकरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या क्ष-किरण अभ्यासाने १९७१ पर्यंत हे चित्र पूर्ण केले.

आज ६९५ नॅनोमीटरचा पट्टा हा मेथिओनीनचा शिक्का मानला जातो, आणि सायटोक्रोम-सी पुरते ते रास्तही आहे. परंतु त्या पट्ट्याला हा मान प्रतिरूप संयुग, अनुस्पंदन आणि स्फटिकरचना या तिघांच्या साक्षीनंतर मिळाला, हे विसरले जाते. शिवाय पट्ट्याचे असणे आणि नसणे यांचा अर्थ सारख्या वजनाचा नाही. पीएच सुमारे ९.३ च्या वर नेला असता हा पट्टा नाहीसा होतो. त्यावरून मेथिओनीन दूर गेले एवढे म्हणता येते. त्याच्या जागी कोण आले हे त्या रिकाम्या जागेवरून कळत नाही. यीस्टच्या सायटोक्रोम-सी वर मॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात एकेक अमिनो अम्ल बदलून केलेल्या प्रयोगांनी ७३ आणि ७९ या क्रमांकांची लायसिने ती जागा घेतात हे दाखविले. येथे आणखी एक धडा आहे. ७९ चे लायसीन काढून टाकले तरी बदल थांबत नाही, कारण ७३ चे तयारच असते. म्हणजे एखादा घटक काढल्यावर वर्णपट बदलला नाही, एवढ्यावरून तो घटक लिगँड नव्हता असे म्हणता येत नाही.

(४)

शोषण वर्णपटाची ही मर्यादा ओळखूनच संशोधक इलेक्ट्रॉन समचुंबकीय अनुस्पंदनाकडे वळले. या पद्धतीत वलयाऐवजी लोहाच्या अयुग्मित इलेक्ट्रॉनालाच प्रश्न विचारला जातो, व उत्तर तीन जी-मूल्यांच्या रूपाने मिळते. ब्लुमबर्ग आणि पायझाक यांनी १९७१ च्या सुमारास या मूल्यांवरून लिगँड-क्षेत्राची दोन परिमाणे काढून ज्ञात प्रथिने व प्रतिरूप संयुगे एका आलेखावर मांडली. दोन हिस्टिडिने असलेली प्रथिने एका प्रदेशात, हिस्टिडीन व मेथिओनीन असलेली दुसऱ्या प्रदेशात, थायोलेट असलेली तिसऱ्या प्रदेशात, अशी त्यांची विभागणी झाली. या आलेखाला इंग्रजीत जे नाव रूढ झाले त्याचा सरळ अर्थ 'सत्य-आलेख' असा होतो. या आलेखाने मोठे काम केले यात शंका नाही. विखुरलेल्या मापनांना त्याने प्रथमच एक व्यवस्था दिली, आणि थायोलेटचा प्रदेश तर आजही बराचसा अबाधित आहे. परंतु त्याचे नाव त्याच्या पात्रतेहून मोठे होते.

एकच तुलना पुरे. सायटोक्रोम-बी५ मध्ये दोन्ही लिगँड हिस्टिडीन आहेत. त्याची जी-मूल्ये सुमारे ३.०३, २.२३ व १.४३ अशी आहेत. सायटोक्रोम-सी मध्ये हिस्टिडीन व मेथिओनीन आहेत. त्याची मूल्ये सुमारे ३.०६, २.२५ व १.२५. सर्वांत मोठे मूल्य हेच मोजावयास सर्वांत सोपे असते, आणि कित्येक निबंधांत तेवढेच दिलेले असते. त्या एका मूल्यावरून ही दोन प्रथिने वेगळी ओळखणे कठीण आहे. भेद तिसऱ्या मूल्यात आहे, व तिसरी रेषा रुंद आणि क्षीण असल्याने बहुधा तीच हातून निसटते.

याहून मूलभूत आक्षेप पुढे आला. मायटोकाँड्रियातील बीसी१ संकुलाच्या दोन बी-हीमांची सर्वांत मोठी जी-मूल्ये सुमारे ३.७८ आणि ३.४४ आहेत. आलेखाच्या मूळ प्रदेशांत ती कोठेच नीट बसत नव्हती. तेथील दोन्ही लिगँड मात्र हिस्टिडीनच आहेत. वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रतिरूप संयुगांवरून दाखविले की, दोन इमिडॅझोल वलयांच्या पातळ्या परस्परांना समांतर आहेत की काटकोनात, यावर जी-मूल्ये अवलंबून असतात. तात्पर्य, लिगँड तेच राहून त्यांची दिशा बदलली तरी आलेखावरील बिंदू दुसऱ्या प्रदेशात जातो. जो आलेख लिगँडचे नाव सांगतो असे आपण समजत होतो, तो वस्तुतः लिगँडचे नाव आणि त्याची दिशा यांची बेरीज सांगत होता. बेरजेवरून दोन्ही संख्या ओळखता येत नाहीत, हे अंकगणिताइतकेच साधे आहे.

(५)

आता ज्या ओळखीला आदर्श म्हणावे असे उदाहरण पाहू. क्लिंगेनबर्ग यांनी १९५८ मध्ये यकृतातील एका रंगद्रव्याचा विलक्षण पट्टा नोंदविला. लोह क्षपणित करून कार्बन मोनॉक्साइड दिला असता हीमोग्लोबिनासारख्या प्रथिनांचा सोरे-पट्टा ४२० नॅनोमीटरच्या जवळपास येतो. या द्रव्याचा मात्र ४५० ला आला. ओमुरा व सातो यांनी १९६२ ते १९६४ या काळात ते हीम-प्रथिनच आहे हे सिद्ध केले आणि त्याला पी-४५० हे नाव दिले. 'पी' म्हणजे रंगद्रव्य आणि ४५० म्हणजे पट्ट्याचे स्थान. या नावात जो संयम आहे तो वाखाणण्याजोगा आहे. त्यांनी पट्ट्याला पट्टाच म्हटले; कारण ठाऊक नसताना कारणाचे नाव दिले नाही.

कारण गंधक असावे ही शंका अनुस्पंदनाच्या मापनांवरून त्याच दशकात आली. १९७५ मध्ये कोलमन व सोरेल आणि स्वतंत्रपणे चँग व डॉल्फिन यांनी प्रतिरूप संयुगांवरून दाखविले की, कार्बन मोनॉक्साइडच्या समोरच्या बाजूस थायोलेट बसविला तर ४५० चा पट्टा मिळतो. १९७६ मध्ये हॅन्सन व सहकाऱ्यांनी थायोलेटच्या इलेक्ट्रॉनांचा वलयाच्या इलेक्ट्रॉनांशी मेळ बसल्याने पट्टा कसा दुभंगतो याची उपपत्ती मांडली. १९७८ मध्ये क्रेमर, डॉसन, हॉजसन व हेगर यांनी क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्मरचनेवरून लोहाशेजारी सुमारे २.२ अँगस्ट्रॉमवर गंधकाच्या वजनाचा अणू आहे हे मोजले. या पद्धतीची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे : नायट्रोजन व गंधक यांत ती भेद करू शकते, नायट्रोजन व ऑक्सिजन यांत, त्यांची इलेक्ट्रॉनसंख्या लगतची असल्याने, करू शकत नाही. १९८२ मध्ये चँपियन आणि सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग केला. ज्या परिणामाचा शोध रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात लावला, त्याच्याच अनुस्पंदी प्रकाराने त्यांना ३५१ प्रति सेंटिमीटरजवळ एक कंपनरेषा मिळाली. प्रथिनात नेहमीच्या गंधकाऐवजी गंधक-३४ घातल्यावर ती रेषा सरकली. जड अणू बसविल्याने कंपन मंदावले, म्हणजे त्या कंपनात गंधक स्वतः भाग घेत आहे. येथे स्थानावरून अनुमान नाही. स्टोक्सच्या प्रयोगाप्रमाणेच एका ठिकाणी केलेला बदल आणि त्याचा परिणाम यांची ही नोंद आहे.

तरीही या सर्व प्रयोगांनी 'गंधक' आणि 'थायोलेट' इतकेच सांगितले. साखळीतील कोणते सिस्टीन, हे पूलॉस व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या स्फटिकरचनेने सांगितले : क्रमांक ३५७. म्हणजे मूलद्रव्य, रासायनिक गट आणि साखळीतील क्रमांक या ओळखीच्या तीन पायऱ्या असून प्रत्येकीला निराळा पुरावा लागतो. हा भेद पुढील उदाहरणात निर्णायक ठरतो.

(६)

चुंबकीय क्षेत्रात वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणाचे मापन, संक्षेपाने एमसीडी, हे थॉमसन, ग्रीनवुड आणि चीझमन यांनी या प्रश्नासाठी विशेष धारदार केलेले साधन आहे. ते निकट-अवरक्त प्रदेशातील भार-संक्रमणाचा एक क्षीण पट्टा शोधतात. वलयाकडून लोहाकडे इलेक्ट्रॉन जाण्यास लागणारी ऊर्जा अक्षीय लिगँडवर अवलंबून असल्याने या पट्ट्याचे स्थान दृश्य पट्ट्यांपेक्षा कितीतरी अधिक बदलते. दोन हिस्टिडिने असतील तर तो साधारण १५०० ते १६०० नॅनोमीटरच्या टप्प्यात, हिस्टिडीन व मेथिओनीन असतील तर १७४० ते १९५० च्या टप्प्यात येतो. १९९० मध्ये या गटाने स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या बॅक्टेरिओफेरिटिनात हा पट्टा २२०० नॅनोमीटरच्याही पलीकडे असल्याचे पाहिले आणि दोन्ही लिगँड मेथिओनीन आहेत असे जाहीर केले. तोपर्यंत अशी बांधणी कोणत्याही प्रथिनात ज्ञात नव्हती. १९९४ मध्ये एश्चेरिचिया कोलाय या जीवाणूच्या त्याच जातीच्या प्रथिनाच्या स्फटिकरचनेत दोन उपएककांची दोन मेथिओनिने हीमाला दोन्ही बाजूंनी धरून असलेली दिसली. वर्णपटाने रचनेच्या आधी बोलून खरे ठरण्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच परंपरेतील दुसरे उदाहरण सायटोक्रोम-एफ चे आहे. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातील या प्रथिनावर १९८८ मध्ये एमसीडी, समचुंबकीय अनुस्पंदन आणि अणुकेंद्रीय अनुस्पंदन अशा तिन्ही पद्धती वापरण्यात आल्या, आणि हिस्टिडीन व लायसीन हे लिगँड निश्चित करण्यात आले. १९९४ मध्ये मार्टिनेझ व सहकाऱ्यांनी सलगमाच्या सायटोक्रोम-एफ ची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. लोहाशेजारी अमिनो गटाचा नायट्रोजन होता. पण तो लायसीनचा नव्हता. तो साखळीच्या अगदी पहिल्या टायरोसीनचा मुक्त अमिनो गट होता. प्रथिन तयार होताना त्याच्या अग्रभागी असलेला संकेत-पेप्टाइड तोडला जातो, आणि तो तुटल्यावरच हा गट मोकळा होऊन लोहाशी बांधला जाऊ शकतो.

येथे वर्णपट चुकला काय? मुळीच नाही. त्याने 'अमिनो गट' असे सांगितले व ते खरे होते. अमिनो गट म्हणजे लायसीन, ही भर वाचणाऱ्याने घातली, कारण प्रथिनाच्या अंगावर अमिनो गट म्हटला की लायसीनच आठवते. आपल्या संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. अभंगाच्या अखेरीस 'नामा' ही नाममुद्रा आली म्हणजे कर्ता नामा नावाचा आहे इतकेच कळते. तो नामदेव की विष्णुदास नामा, हे नाममुद्रा सांगत नाही, आणि दोघांची रचना एकमेकांत मिसळल्याने गाथेच्या संपादकांना किती श्रम पडले हे सर्वश्रुत आहे. नाममुद्रा खोटी नसते. तिच्याकडून तिच्या आवाक्याबाहेरचे उत्तर मागणे हे खोटे असते.

ऱ्होडोस्पायरिलम रुब्रम या जीवाणूतील कूए या कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या प्रथिनाची हकीकत अशीच आहे. ऑक्सिडीकृत अवस्थेत ७५ क्रमांकाचे सिस्टीन व क्षपणित अवस्थेत त्याच्या जागी ७७ क्रमांकाचे हिस्टिडीन, ही अदलाबदल वर्णपट आणि उत्परिवर्तन यांच्या जोडीने उत्तम रीतीने उलगडली. समोरच्या बाजूस मात्र शेजारच्या उपएककाच्या आरंभीचे प्रोलीन आहे, हे २००० मधील स्फटिकरचनेनेच दाखविले. जो उमेदवार कोणाच्या मनात नसतो त्याच्या बाजूने वर्णपट साक्ष देऊ शकत नाही.

(७)

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, अखेरचा शब्द स्फटिकरचनेचाच असेल तर वर्णपटाचा एवढा खटाटोप कशासाठी? हा निष्कर्षही घाईचा ठरेल. मायोग्लोबिनाशी बांधलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण पाहा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत हा रेणू लोहावर बराच कललेला दिसला, आणि प्रथिन त्याला वाकवून त्याची पकड सैल करते, ही उपपत्ती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. लिम, जॅक्सन व अँफिनरुड यांनी १९९५ मध्ये ध्रुवित अवरक्त प्रकाशाच्या मापनाने दाखविले की, रेणू हीमाच्या लंबाशी सुमारे ७ अंशांहून अधिक कललेला नाही. १९९९ मध्ये अधिक सूक्ष्म विभेदनाच्या स्फटिकरचना आल्या आणि त्यांनी बाक मोठा नसल्याचे मान्य केले. येथे वर्णपटाने रचनेला दुरुस्त केले.

दुसरी अडचण क्ष-किरणांचीच आहे. स्फटिकावर पडणाऱ्या क्ष-किरणांनी मुक्त झालेले इलेक्ट्रॉन लोहाचे क्षपण करतात. त्यामुळे ऑक्सिडीकृत प्रथिन म्हणून नोंदलेली रचना प्रत्यक्षात क्षपणित प्रथिनाची असू शकते. आणि कूए सारख्या प्रथिनात तर अवस्था बदलली की लिगँडच बदलतो. म्हणूनच हल्ली स्फटिकावर क्ष-किरण सोडताना त्याच जागी त्याचा शोषण वर्णपटही टिपण्याची पद्धत पडली आहे. शिवाय लिगँड कोणत्या स्थितीत आहे, हे नेहमीच्या विभेदनाच्या रचनेत दिसत नाही, कारण हायड्रोजनचे अणू तेथे दिसत नाहीत. मायोग्लोबिनात लोह-हिस्टिडीन बंधाची कंपनरेषा सुमारे २२० प्रति सेंटिमीटरला, तर मुळ्याच्या जातीतील हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या पेरॉक्सिडेजात सुमारे २४० च्या वर मिळते. लिगँड दोन्हीकडे हिस्टिडीनच आहे. पण दुसऱ्या ठिकाणी शेजारच्या ॲस्पार्टिक अम्लाशी असलेल्या हायड्रोजन बंधामुळे त्याचा प्रोटॉन अर्धवट ओढला गेला आहे, व त्याची लोहावरील पकड घट्ट झाली आहे. एन्झाइमाच्या कार्याचे हे मर्म रचनेच्या नकाशापेक्षा कंपनरेषेनेच अधिक स्पष्ट केले.

२०२१ पासून आल्फाफोल्डसारख्या संगणकीय साधनांनी प्रथिनांच्या घडीचे अंदाज सहज उपलब्ध झाले आहेत. त्यांचा या विषयातील खरा उपयोग उमेदवारांची यादी लांब करण्याचा आहे. सायटोक्रोम-एफ च्या बाबतीत जे टायरोसीन कोणाला सुचले नाही, तसे नाव आज एखादा अंदाज सुचवू शकेल. तथापि अंदाज म्हणजे मापन नव्हे. लोहाची अवस्था, पीएच आणि तापमान यांप्रमाणे जो लिगँड बदलतो, त्याचे उत्तर एका स्थिर चित्रात मावणारे नाही.

(८)

एवढ्या विवेचनावरून पुराव्याचे काही नियम मांडता येतील. पहिला : निष्कर्ष ज्या पायरीवर सिद्ध झाला असेल त्याच पायरीच्या शब्दांत लिहावा. अल्प-परिवलन अवस्था दिसली असेल तर तेवढेच म्हणावे. अमिनो गट दिसला असेल तर 'अमिनो गट' म्हणावे, लायसीन म्हणू नये. दुसरा : कोणकोणते उमेदवार विचारात घेतले, त्यांपैकी कोणते कोणत्या कारणाने वगळले, याची यादी निबंधात स्पष्ट द्यावी, साखळीचे अग्र व शेजारचे उपएकक त्या यादीत असलेच पाहिजेत. तिसरा : केवळ स्थानसादृश्यावर न थांबता किमान एक तरी बदल घडवून पाहावा. समस्थानिक घालावा, अमिनो अम्ल बदलावे, प्रतिरूप संयुग तयार करावे किंवा पीएच हलवावा. चौथा : परस्परस्वतंत्र अशा दोन पद्धतींची साक्ष घ्यावी; एकाच कारणाने चुकू शकणाऱ्या दोन पद्धती म्हणजे दोन साक्षी नव्हेत. पाचवा : मापन कोणत्या अवस्थेत, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या पीएचला झाले ते निष्कर्षाच्याच वाक्यात लिहावे. द्रव हीलियमच्या तापमानाला गोठविलेल्या नमुन्यावरून काढलेले नाव जिवंत पेशीतील प्रथिनाला तसेच लागू पडेल असे नाही.

हे नियम पाळल्याने प्रबंधांतील वाक्ये लांबतील आणि काही निष्कर्ष लहान होतील. विभागातील संशोधकांनी त्याचा संकोच मानू नये. थिओरेल यांच्यासारख्या थोर संशोधकाचे मापन आजही टिकून आहे. पडले ते फक्त मापनापलीकडे टाकलेले एक पाऊल. ओमुरा व सातो यांनी दिलेले नाव साठाहून अधिक वर्षांनंतरही बदलावे लागलेले नाही, कारण त्यांनी जे पाहिले तेवढेच त्यात लिहिले. हीम-प्रथिनाचा नवा वर्णपट टेबलावर आला म्हणजे 'हा लिगँड कोणता?' या प्रश्नाआधी 'हा वर्णपट कोणकोणत्या लिगँडांत भेद करू शकतो?' हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर या शास्त्राची अर्धी चिकित्सा प्रयोगशाळेतच पुरी होईल.